बोट उठेना म्हणून काकांना उतरवलं

मंडळी, आज सकाळी धरणावर मी वाईट वागलो.

आमची मासेमारीची जुनी इंजिनबोट वेग घेताना नाक वर करून रेंगाळत होती, पाण्यावर उठत नव्हती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नामदेवकाका, तुमी उतरा. तुमच्या वजनानं बोट उठून नाही राह्यली."

"म्हैस उतरली का बोट उडते, पाह्य!" मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले, मीही. आयुष्यभर इथंच मासे धरलेले काका हातातलं जाळं ठेवून उतरले.

बोट तशीच रेंगाळली. मग पाहिलं, इंजिनाचा कोन ठरवणारी पिन चुकीच्या भोकात होती. ती मीच बसवली होती. एक भोक आत घेताच बोट पाण्यावर धावली.

"पंख्यात कचरा अडकला होता," मी बाकीच्यांना सांगितलं. काका तेव्हा इंझोरी गावाच्या रस्त्यानं पायी चालले होते.

खरं इथं लिहितोय, कारण काका या ग्रुपवर नाहीत. याला कबुली म्हणाल का?