जावई डाकू, सासू फौजदार

माझा आवाज पुरुषी आहे. फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी गॅसवाला "बोला साहेब" म्हणतो, आणि मी साहेबासारखीच बोलते, कारण साहेबाचा सिलिंडर लवकर येतो. या आवाजाच्या जोरावरच मी उतारवयात फौजदार झाले. तीही आपल्याकडच्या ठाण्याची नव्हे, अमेरिकेतल्या कुठल्याशा धुळकट, उजाड गावाची.

त्याचं असं झालं. बोईसरला एक छोटंसं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याचा आवाज एका बाजूला दांडीच्या किनाऱ्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला आमच्या वाणगावापर्यंत कसाबसा पोचतो. ते चालवणारे मास्तर निवृत्त शिक्षक. लहानपणी वडिलांच्या रेडिओवर त्यांनी इंग्रजी नाटकं ऐकली होती. त्यात घोडे, बंदुका, गाडी लुटणारे डाकू आणि त्यांच्यासमोर एकटा उभा राहणारा शेरीफ. भाषा कळत नव्हती, पण टापा कळायच्या. तसं एक नाटक मराठीत लिहून ते रेडिओवर करायचं, आणि तेही थेट, आधी रेकॉर्ड वगैरे काही नाही, असा त्यांनी हट्टच धरला. शेरीफचा त्यांनी फौजदार केला. पण फौजदाराला शोभेल असा आवाज मिळेना. जो तो भजनी आवाजात दरडावायचा. शेवटी ते आमच्या वाडीत चिकू घ्यायला आले, मी गड्यावर ओरडत होते ते त्यांनी ऐकलं, आणि चिकू तिथेच राहिले.

"वहिनी, तुम्हीच!" म्हणाले.

माझ्या मागोमाग माझ्या नवऱ्यालाही काम मिळालं. तो घोडा झाला. दोन करवंट्या घेऊन पडवीत दिवसभर टपटप टपटप. घरात जेमतेम चार वाक्यं बोलणारा माणूस, पण घोडा म्हणून भलताच बोलका निघाला. दुडकी चाल, भरधाव चाल, थकलेला घोडा, पाणी प्यायलेला घोडा असे सगळे प्रकार करून दाखवायचा आणि म्हणायचा, "आता वळखून दाखव, कंची चाल हाय?" मला सगळ्या सारख्याच वाटायच्या. तसं म्हटलं की रुसायचा.

डाकू मात्र लेकीने सुचवला. तिचा नवरा.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. माझा जावई उत्तरेकडचा. बोईसरच्या कारखान्यात नोकरीला आला, तिथेच लेकीची नि त्याची ओळख झाली आणि दोघांनी लग्न ठरवलं. आमच्या नातेवाइकांनी तेव्हा तोंडाचा पट्टा सोडला होता. कुठला कोण, आपल्यात त्याला जागा नाही, वगैरे. आम्ही दोघांनी कोणाचं ऐकलं नाही, लग्न लावून दिलं. आणि मग मी ठरवलं, लोकांनी केला नाही तेवढा मान आपण करायचा. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची शांत करण्यात मी काही कमी ठेवलं नाही. तो आला की नवी चादर, पाट, पहिलं ताट त्याचं. धोंड्याच्या महिन्यात अनारसे. 'जावईबापू, घ्या', 'जावईबापू, बसा'. तो बिचारा अंग चोरून बसायचा, दोन घास खायचा आणि 'बस मम्मीजी' म्हणायचा. मला वाटायचं, शांत स्वभाव आहे.

नाटकाच्या तयारीत होतो तेव्हा एक दिवस लेक आली आणि म्हणाली, "आई, त्याला गुजरातेतल्या कारखान्यात बोलावतायत. तो नाय म्हणत नाय. मी विचारलं तर म्हणतो, इथे अपना है कौन."

एकुलती एक लेक, सायकलवर येण्याइतक्या अंतरावर राहणारी. "एवढं करते त्याचं, आणखी काय करू?" मी म्हटलं.

"करू नकोस," ती म्हणाली. "तू त्याला पाव्हणाच ठेवलायस."

मला तिचा रागच आला. मान केला तरी वाईट! पण त्या दिवसापासून घास गोड लागेना.

तर नाटक. जावयाची कारखान्यातली पाळी बदलती असल्यामुळे आमची दोघांची एकत्र तालीम कधी झालीच नाही. मास्तर त्याची वेगळी घ्यायचे, डाकूची वाक्यं त्याच्यासाठी हिंदीत करून, माझी वेगळी. घरी डाकूची वाक्यं घोडाच वाचायचा, आणि नवऱ्यावर ओरडायची सवय असल्यामुळे मी कडाडायची. शेवटचा प्रसंग असा होता: डाकू गावात शिरतो, सगळे दारं लावून घेतात, फौजदार एकटा रस्त्यात उभा. तो म्हणतो, "नालायका, बंदूक टाक! या गावात तुला जागा नाही. चालता हो, नाहीतर आज तुझं मरण माझ्या हातून!" मी हे असं म्हणायची की शेजारचा कुत्रा वाडीच्या कुंपणापाशी जाऊन बसायचा.

नाटकाचा दिवस उजाडला. वेळ संध्याकाळची, देवापाशी दिवा लावायची. केंद्राच्या त्या एवढ्याशा खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे. मध्ये माइक. एका बाजूला करवंट्या घेऊन नवरा, दुसऱ्या बाजूला टिकल्यांचं पिस्तूल घेऊन मास्तर स्वतः. लेक कोपऱ्यात. आणि माइकच्या पलीकडे, हातभर अंतरावर, कारखान्याच्या निळ्या शर्टात माझा डाकू.

सुरुवात झकास झाली. टापा वाजल्या, टिकल्या फुटल्या, गाडी लुटली. जावयाचा आवाज ऐकून मी चाटच पडले. घरी कुजबुजणारा हा माणूस इथे असा गडगडाटी हसला की नवऱ्याचा घोडा दचकून दोन पावलं चुकला.

मग शेवटचा प्रसंग आला. "मैं आ गया, फौजदार!" तो गरजला.

मी कागदाकडे पाहिलं. या गावात तुला जागा नाही. मग त्याच्याकडे पाहिलं. माझ्या लेकीच्या कुंकवाचा धनी समोर उभा, आणि ऐन तिन्हीसांजेला मी त्याला मरणाचं बोलायचं? आपल्याकडे अशा वेळी कोणी अभद्र बोलत नाही. वास्तू तथास्तु म्हणते. आणि सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असं 'तुला जागा नाही'? लग्नाच्या वेळी नातेवाईक बोलले, त्यांच्याच तोंडचं वाक्य? तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. रेडिओवर नुसती शांतता. मास्तर हातवारे करून अर्धमेले झाले. काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून जे निघायचं तेच निघालं:

"या जावईबापू. बसा. दमून आला असाल. चहा टाकू?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. त्या हातात पिस्तूल होतं, ते उडालं. नवऱ्याने घाबरून घोडा पळवला. लेकीने ओढणी तोंडात कोंबली.

जावयाने कागदावरची नजर उचलली. मग डाकूच्याच आवाजात म्हणाला, पण डोळे डाकूचे नव्हते, "चाय नहीं चाहिए, फौजदार! जब आता हूँ, चाय, चाय, चाय! मेहमान समझ रखा है क्या? हिम्मत है तो लड़ो मुझसे!"

आता मी तशी फटकळ बाई. कोणी लढ म्हटलं तर मागे हटणारी नव्हे. एवढी वर्षं मानपानाखाली दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं.

"लढू? मग ऐक, मेल्या!" मी जी सुटले! "कोण समजतोस स्वतःला? येतोस ते चोरासारखा आणि बसतोस मोबाईलमध्ये डोकं घालून! दोन घास खाऊन 'बस' म्हणतोस, मी काय विष रांधते? मीठ कमी पडलं तर मीठ माग की! सासरा दिवसभर करवंट्या बडवतो, त्याच्याशी कधी दोन शब्द बोललास? आणि आता म्हणे गाव सोडून जातो! बघतेच कसा जातोस! टाक ती बंदूक! तुला अटक हाय! या गावाच्या बाहेर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!"

धाप लागली. डाकूने हातातला कागद खाली टाकला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "सरेंडर."

मास्तरांच्या नाटकाचा शेवट वेगळाच होता. डाकूला हाकलून फौजदार एकटाच घोड्यावर बसून मावळतीकडे निघून जाणार होता. आता फौजदार डोळे पुसत उभी, डाकू हात वर करून उभा, आणि माझा नवरा मात्र कागदावर लिहिलंय म्हणून घोडा हळूहळू लांब नेत होता. तो घोडा रिकामाच गेला.

दुसऱ्या दिवशी बाजारात मला तोंड दाखवायची चोरी झाली. मासळीवाली म्हणाली, "नाटक एक नंबर, पन जावयाला किती ओरडलीस गो!" म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. मी मनातून धास्तावले. लेकीचा फोन नाही, त्याचा नाही. बोलून बसले, आता गुजरात नक्की, असं समजून मी दोन दिवस देवाला हात जोडत होते.

रविवारी दोघं आली. मी नेहमीसारखी चादर काढायला धावले. तर हा बाहेर थांबलाच नाही, सरळ स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभा. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"मम्मीजी, गुजरातवालों को मना कर दिया," तो म्हणाला. मग खाली बघत, "घर छोड़ने के बाद किसी ने ऐसे डाँटा नहीं था. माँ डाँटती थी."

केवढं पोर हे, आणि आपण याला पाटावर बसवून केवढं लांब ठेवलं. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मला ते जमत नाही. हातात विळी होती, ती त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, "उभा काय राहिलास? सुकटीला कांदे लागतील. बस नि चीर."

तो बसला. नाकडोळे गाळत त्याने सगळे कांदे चिरले. फारच जाड चिरले होते. तसं मी त्याला सांगितलं.