बिनलग्नाची आमराई

नाला मागे पडला तरी मैनाबाई बोलली नाही. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरपासून इथवर निम्मी वाट झाली होती. एरवी एवढ्या वाटेत नळावरची भांडणं, रेशनची किडकी ज्वारी, शेजारच्या पंजाबणीचा रेडिओ, असं सगळं सांगून ती मोकळी व्हायची. आज कंबरेला खोचलेली हळदीची पुडी चाचपत ती पुढे चालली होती, आणि जरा झुळूक आली की मान वर करून बाभळीचा शेंडा बघत होती.

"मावशी, जरा हळू," शेजारच्या क्वार्टरातली विजया मागून म्हणाली. तिला पाचवा महिना होता.

"मंग कावून आली माह्यासंगं?" मैनाबाई म्हणाली, पण थांबली. "बस त्या दगडावर. ऊन चढाच्या पहिले बागेत पोचलं म्हंजे झालं."

विजया बसली. तिनेही बाभळीकडे बघितलं. शेंडा हलत होता. तिने मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं.

वारा आणि भीती यांचा संबंध काय, हे विजयाला वर्षभरापूर्वी ठाऊक नव्हतं. मैनाबाईचा एकुलता एक मुलगा केवलराम पोलादाच्या कारखान्याच्या उभारणीत रिगर होता. उंच चढून, दोर लावून लोखंडाच्या तुळया जागेवर बसवायच्या, हे त्याचं काम. खाली रशियन साहेब टोपीवर हात ठेवून वर बघायचे, तेव्हा केवलराम त्यांना मुंगीएवढा दिसत असेल. वाऱ्याच्या दिवशी मैनाबाईला घास गिळवत नसे.

मैनाबाई भंडाऱ्याकडची. नवरा फकिरा तरुणपणी इकडे आला आणि उतई गावाच्या वाटेवरच्या दाऊंच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, बागेत माळी म्हणून राहिला. बाग शंभर वर्षांवरची, दाऊंच्या पणज्याने लावलेली. पायऱ्यांची विहीर, चाफ्याच्या रांगा, मधोमध बारा कमानींची दगडी बारादरी. फकिरा गेला, केवलरामाला कारखान्यात काम लागलं, आणि मायलेकं क्वार्टरमध्ये आली. तरी मैनाबाईची बाग सुटली नाही.

विजया पहिल्यांदा तिच्यासोबत गेली ती श्रावणात, सोमवारसाठी बेलाची पानं आणायला. विहीर तुडुंब भरलेली, पायऱ्यांवर बेडकं. मैनाबाई बेलाकडे न जाता थेट बारादरीच्या गच्चीवर चढली. विजयाला वाटलं, म्हातारी हिरवळ बघते आहे. वर जाऊन बघते तर ती भिजत उभी, नजर दूर उत्तरेला. कारखान्याच्या भट्टीचा सांगाडा आणि उंच चिमण्या तिथून दिसायच्या. त्या दिवशी ढगांनी सगळं झाकलं होतं.

"तिथं असन तो," मैनाबाई म्हणाली. "ढग हटू दे. मंग उतरू खाली."

तेव्हापासून दोघी जात राहिल्या. कार्तिकात आवळ्याखाली बसून शिदोरी सोडली. पौषात धुक्यामुळे चिमण्या दिसेनात, तेव्हा धुकं विरेपर्यंत मैनाबाईने गच्ची सोडली नाही. विजयाला बाग आवडायची. मैनाबाई मात्र बागेला पाठ करून उभी राहायची.

माघात तिने पहिल्यांदा बागेकडे तोंड केलं, आणि मटकन खाली बसली. विहिरीपलीकडे फकिराने दाऊंच्या परवानगीने स्वतःची म्हणून लावलेली आंब्याची झाडं होती. त्यांना पहिल्यांदाच मोहोर आला होता.

"आता याईचं लगन लावा लागते," ती म्हणाली. "ज्यानं लावले त्याच्या घरच्यानं लगनाच्या पहिले फळ तोंडात घालू नये. घालन, तं झाड घरातला माणूस मागते."

विजया नागपूरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेली, सातवी शिकलेली. तिला हसू आलं होतं. ते तिने पदरात दाबलं.

चैत्रात सुट्टीच्या दिवशी केवलरामही बागेत आला. मैनाबाई गच्चीवर होती. त्या दिवशी लेक खालीच होता, तरी सवयीने ती चिमण्यांकडे बघत होती. केवलरामने बापाच्या झाडाची कैरी तोडली, दगडावर फोडली आणि कागदातलं मीठ लावून अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी त्याने विजयापुढे धरली. "वहिनी, तुमाले तं पाहिजेच सध्या."

विजयाने खाल्ली. दात आंबले, जीव सुखावला. वर बघते तर मैनाबाई कठड्याला धरून उभी, तोंड पांढरंफटक.

"आये, झाडाले बी नवरी पाहिजे का?" केवलराम हसत ओरडला. "माहं तं जमव पहिले."

मैनाबाईने उतरून विजयाचा हात धरला. "तुले दोष नाई, तू परघरची," एवढंच म्हणाली. 

आणि आठवड्यातच वावटळ उठली. क्वार्टरच्या अंगणातली बाज उलटीपालटी होत रस्त्यावर गेली. मैनाबाई अनवाणी धावत कारखान्याच्या फाटकाशी पोचली. तिच्यामागे विजया, पोट सांभाळत. पाळी सुटली, माणसांचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात केवलराम फुटाणे खात आला. वारा सुटताच साऱ्यांना खाली उतरवलं होतं.

"आये, लोकं हासून राहिले," तो हळूच म्हणाला. मग तिचे पाय बघून त्याने स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या. "बरं, लाव लगन. मी बसतो पाटावर नवरदेवाचा बाप होऊन. पण फाटकावर येऊ नको."

फळ खाऊन झालं होतं, तरी लग्नाने दोष फिटेल या आशेवर लग्न अक्षय तृतीयेला ठरलं. इकडे त्या दिवशी अक्ती म्हणून पोरीबाळी बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. झाडाचंही त्याच मुहूर्तावर उरकेल. नवरदेव फकिराची आमराई, नवरी विहिरीकाठची चमेलीची वेल. अडलं होतं एकाच जागी. नवरीची आई परघरची हवी, सवाष्ण हवी. मैनाबाईने पलीकडच्या रांगेतल्या शकुबाईला विचारलं होतं, आणि नळावर सगळ्यांदेखत उत्तर मिळालं होतं. "उद्या तुह्या पोराले काही झालं, तं तू नवरीचा पायगुण काढशीन. अन् नवरीची माय कोन? मी. मले नाई पाहिजे असं सोयरपन."

विजया तेव्हा नळावरच होती. आज सकाळी मैनाबाईने हळदीची पुडी घेतली तेव्हाच, आता आपल्यालाच विचारणार, हे तिला कळलं होतं. वाटभर ती मैनाबाईच्या तोंड उघडण्याची वाट बघत होती, आणि उघडू नये म्हणून देवाला विनवत होती. झाड माणूस मागतं यावर आपला विश्वास नाही, असं ती स्वतःला सांगे. पण रात्री पोटातलं बाळ हललं नाही की ती अर्धी कैरी तिच्याही दातांत आंबत असे.

दोघी बागेत पोचल्या. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. वेलीवर तुरळक कळ्या. मैनाबाईने आज गच्चीकडे पाहिलं नाही. वेलीच्या खोडाला तिने हळदीचं बोट लावलं, आणि तसंच पिवळं बोट घेऊन विजयासमोर उभी राहिली. आमराईत वारा शिरला. दोघींनीही वर बघितलं.

"विजे, तू होशीन का चमेलीची माय?" ती म्हणाली. "नाई म्हनशीन तं मी रागवत नाई. पण हो म्हणायच्या पहिले आयकून घे. लेकीच्या घरचं खात नाईत, तवा या झाडाचा आंबा तुले मंग जलमभर चालनार नाई."

"त्याचं काही नाही मावशी," विजया म्हणाली. 

"दुसरं आयक. शकी खोटं बोलली नाई. माह्या केवलले काही झालं, तं मी चमेलीले बोल लावीन. तुले बी लावीन, तुह्या पोटातल्याले बी. मले माहीत हाये माहं तोंड. भेव शिरलं की मी माणसात राहत नाई." पिवळं बोट तिने तसंच पुढे धरलं. "तवा तू नळावर, चारचौघीत, माह्या तोंडावर हात ठेवजो. म्हणजो, मावशी, आता गप. मी चावली तरी हात काढू नको. एवढं करशीन का माह्यासाठी?"