साडूंच्या गच्चीवरचा समुद्र

चाकणपासून चिंचवडपर्यंत समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या साडूंशिवाय दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर साडू आधी त्याला तपासून घेतील. वास्तविक साडूंचा आणि समुद्राचा संबंध आयुष्यात एकदाच आला. आमची दोन्ही कुटुंबं अलिबागला गेली होती तेव्हा. सगळे पाण्यात खिदळत होते आणि हे गृहस्थ पायात बूट घालून, समुद्राकडे पाठ करून, गाडीच्या चाकातली हवा बघत उभे. "या की, नुसते पाय तरी भिजवा," असं मी म्हटलं तर म्हणाले, "ज्याचा तळ दिसत नाही त्यावर मी सही करत नाही, राव."

सही करणं किंवा न करणं हाच त्यांचा धंदा होता. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी उभी हयात क्वालिटी खात्यात काढली. चांगल्या मालावर हिरवी टिकली, वाईट मालावर लाल फुली, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला पिवळा टॅग : 'होल्ड'. होल्डचा टॅग लागला की तो माल जागचा हलत नाही, वरच्या साहेबाचा फोन आला तरी हलत नाही. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, हा त्या खात्याचा कुळाचार. निवृत्त होताना कंपनीने त्यांना घड्याळ दिलं आणि यांनी उरलेल्या टॅगचा गठ्ठा मागून घेतला. त्यानंतर संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरात कुकरला हिरवी टिकली लागली, जावयाकडून आलेल्या मिक्सरला लाल फुली लागली, आणि बिल्डिंगच्या लिफ्टला पिवळा टॅग लागल्यामुळे चार मजल्यांची माणसं आठवडाभर जिने चढत राहिली. "आवाज येतोय," एवढंच कारण. माझ्या स्कूटरच्या मागे त्यांनी मारलेली लाल फुली मी थिनरने घासूनही गेली नाही. अजून मी पिंपरीभर रिजेक्ट माल म्हणून हिंडतो. खरं तर मला त्यांनी पहिल्याच भेटीत तपासलं होतं. ते त्या घरचे थोरले जावई, मी मुलगी बघायला गेलेलो. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "थोडा अंडरसाइज आहे, पण चालेल." ते मला ऐकू आलं. आता मी चांगलाच ओव्हरसाइज झालो आहे, पण पास केलेला माल सासुरवाडी परत घेत नाही.

अशा माणसाच्या धाकट्या मुलीने बोटीवर नोकरी धरावी! समीक्षाने जहाजावरच्या अधिकाऱ्याचं शिक्षण पुरं केलं, मालवाहू जहाजावर तिची नेमणूक झाली, आणि निघायच्या आदल्या पंधरवड्यात तिची भली मोठी बॅग हॉलमध्ये येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॅगेच्या मुठीला पिवळा टॅग लोंबत होता.

"अहो, पोरगी आहे का बेअरिंग?" ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, स्वयंपाकघरातून कडाडली.

समीक्षा मात्र बापाचीच मुलगी. ती टॅगला बोटसुद्धा न लावता म्हणाली, "मी काढणार नाही, बाबा. तुम्ही लावलाय, तुम्हीच काढायचा. पण होल्ड लावला की टेस्ट करावी लागते. नुसता अडकवून ठेवायचा नसतो."

"करणार ना. लोखंड पाण्यावर तरंगतं हे मी ऐकून आहे."

"ऐकून काय? मी रोज पातेली घासते. टबात तरंगतात ती काय असतात?" ताई म्हणाली.

"पातेल्यात माझी मुलगी नसते," साडू म्हणाले.

मग टेस्ट सुरू झाली आणि, घरात बेकार दिसणारा पुरुष मीच असल्यामुळे, मी मदतनीस झालो. पहिल्यांदा आम्ही गॅरेजवाल्या सलीमभाईकडे गेलो. साडूंनी कागदावर जहाज काढून दाखवलं. सलीमभाईने ते उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. "साहेब, सायलेन्सर बनवतो, टाकी बनवतो. जहाज पहिल्यांदाच. चाकं कुठं लावायची?" तरीही त्याने दोन दिवसांत पत्र्याचं, हातभर लांबीचं, चपट्या बुडाचं जहाज झाळून दिलं. मग समुद्र. समुद्राला मीठ लागतं, आणि साडूंना समुद्र अस्सल हवा होता. गच्चीवरच्या निळ्या पिंपात किती मीठ घालायचं याचा हिशेब त्यांनी मांडला आणि ते ओझं मी दुकानातून वाहून आणलं. दुकानदाराने विचारलं, "काका, एवढं लोणचं?" मी म्हटलं, "हो." समुद्र बनवतोय हे सांगायला जे धाडस लागतं ते माझ्याकडे नाही. गच्चीवर तासभर मी वेळूच्या काठीने पिंप ढवळत होतो आणि साडू वरून सूचना देत होते, "तळाशी राहता कामा नये. समुद्रात मीठ तळाशी नसतं."

जहाज पाण्यात सोडलं. तरंगलं. साडूंनी नट-बोल्ट मोजून एकेक करून आत रचले. जहाज हळूहळू खाली बसत गेलं आणि बाजूच्या पत्र्यावर पाणी जिथे टेकलं तिथे त्यांनी ऑइलपेंटने लाल रेघ ओढली. माल भरलेल्या जहाजाने याच रेघेपर्यंत बुडायचं, याखाली नाही. मला वाटलं संपलं. साडू म्हणाले, "एक रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे. उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांचा फोन. आवाज असा की मी चपला विसरून गेलो. गच्चीवर पिंपापाशी साडू मिलिमीटरचेही भाग मोजणारा व्हर्निअर घेऊन वाकले होते. जहाज तेच, नट-बोल्ट तेच, आणि लाल रेघ पाण्याखाली! "अडीच मिलिमीटर," ते म्हणाले. "एका रात्रीत अडीच मिलिमीटर खाली गेलं. बुडतंय ते." आम्ही जहाज बाहेर काढलं, उलटं केलं, भोक शोधलं, भोक नव्हतं. नट-बोल्ट पुन्हा मोजले, बरोबर होते. मग त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि माझे खिसे तपासायला लावले. माझ्या खिशात रुमाल आणि अर्धी सुपारी निघाली. तेव्हा साडूंनी खिशातून लाल खडू काढला आणि जहाजावर फुली मारली. ती फुली त्यांना दोनदा गिरवावी लागली. लाखो सुटे भाग रिजेक्ट केलेल्या हाताला. "बोलवा तिला," ते म्हणाले. "सांगा, जायचं नाही."

समीक्षा वर आली. तिने फुली पाहिली, बुडालेली रेघ पाहिली, बापाचा चेहरा पाहिला. मग तिने पिंपात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"बाबा, हे गोडं पाणी आहे."

"गोडं कसं असेल?" साडू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "काल यांनी पोतंभर मीठ ओतलंय!"

तेवढ्यात ताई कपडे वाळत घालायला वर आली आणि आमच्या तोंडांकडे बघून थबकली. "ते खारट पाणी मी काल संध्याकाळी ओतून दिलं, नळाचं भरलं आणि तुमचं जहाज होतं तसं परत ठेवलं," ती म्हणाली. "आज नळाला पाणी नाही. दिवसाआड येतं ते भरून ठेवायला नको? मिठाच्या पाण्यात तुमची लेक आंघोळ करणार?"

आयुष्यभर साडूंनी लोकांना एकच दम दिला होता : टेस्ट चालू असताना काही बदललं तर आधी सांगा. आणि त्यांच्याच टेस्टमध्ये अख्खा समुद्र बदलला होता.

समीक्षा हसली नाही. ती पिंपाशेजारी बसली आणि सावकाश म्हणाली, "जहाज बुडत नाहीये, बाबा. पाणी हलकं आहे. खारं पाणी जड असतं, ते थोडं बाजूला सारलं तरी जहाजाचं वजन पेलतं. गोडं पाणी हलकं. तेवढंच वजन पेलायला ते जास्त सारावं लागतं, म्हणून जहाज जरा खाली बसतं. समुद्रातून नदीच्या बंदरात शिरलं की प्रत्येक जहाज असं खाली बसतं. परत समुद्रात गेलं की वर येतं."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. म्हणून जहाजाच्या अंगावर दोन वेगळ्या रेघा असतात. समुद्राची खाली, गोड्या पाण्याची तिच्या वर."

साडूंनी चष्मा काढला. "म्हणजे हे ड्रॉइंगमध्येच धरलेलं आहे? टॉलरन्स दिलाय, इतकं खालीवर चालेल म्हणून?"

"दिलाय."

"कोणी?"

"असेल तुमच्यासारखाच कोणीतरी खडूस."

साडूंनी चष्मा पुन्हा चढवला. नंतर म्हणाले, "मीठ आणा." आम्ही मीठ आणलं, ताईने कपाळावर हात मारला, पण पाणी दिलं. पुडा रिकामा व्हायचा, मी ढवळायचो, साडू डोळा पाण्याच्या पातळीला लावून बसायचे. आणि खरोखर, पाण्यातून ते जहाज कोणीतरी खालून हलकेच उचलावं तसं वर येत गेलं. शेवटचा पुडा विरघळला तेव्हा लाल रेघ पाण्याला बरोबर टेकली होती. साडूंनी व्हर्निअर लावला, पुन्हा लावला. मग बाहीने ती लाल फुली पुसली.

खाली हॉलमध्ये येऊन ते बॅगेसमोर उभे राहिले. आता काहीतरी तांत्रिक विचारतील असं आम्हाला वाटलं. त्यांनी विचारलं, "नदीत शिरलीस की कळवशील?"

"कळवीन."

"आणि बाहेर पडलीस की?"

"तेव्हापण, बाबा."

त्यांनी टॅग काढला, घडी घालून खिशात ठेवला, आणि बॅगेच्या कोपऱ्यावर इतकी बारीक हिरवी टिकली मारली की समीक्षाला ती वाकून शोधावी लागली.

याला आता बरेच महिने झाले. साडूंच्या गच्चीवर हल्ली दोन पिंपं आहेत, एक खारं, एक गोडं. ताईच्या फोनवर समीक्षाचा 'नदीत' असा निरोप आला की साडू वर जातात, ते पत्र्याचं जहाज उचलतात आणि गोड्या पाण्यात ठेवतात. 'बाहेर' असा आला की परत खाऱ्यात. मग मधले कितीतरी दिवस काहीच येत नाही. परवा संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा ते खाऱ्या पिंपापाशी उभे होते. मी म्हटलं, "समुद्रात आहे ना? मग वर तरंगत असेल. काळजी कसली?"

"काळजी नाही," साडू म्हणाले. "वारा सुटलाय जरा." गच्चीवरच्या वाऱ्याने पिंपातलं पाणी हिंदकळत होतं आणि जहाज कडेला टकटक आपटत होतं. अलिबागला बूट न काढणाऱ्या त्या माणसाने बाही दुमडली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, आणि ते जहाज तळव्यावर धरलं. वारा पडेपर्यंत धरून ठेवलं.