हिरानं पाठ टेकली

हिरा साळवेला चितपट करणारी बाई अजून जन्माला यायचीय, असं तिचे वडील दशरथराव अख्ख्या येरवड्याला ऐकवत फिरायचे. खोटं नव्हतं ते. स्वतः पैलवान माणूस, पुढे बसवर ड्रायव्हर. पोरीला सातव्या वर्षी तालमीत घातली आणि एकच गोष्ट तिच्या हाडात भिनवली: पाठीला माती लागता कामा नये. पडायची वेळ आलीच तर झटकन पालथं व्हायचं. कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास.

आणि नेमकी हीच सवय पोरीच्या मुळावर आली! बाविसाव्या वर्षी हिरा जुजित्सूकडे वळली. या खेळात पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही; उलट खाली पडून पायांनी समोरच्याला अडकवतात. पालथे झालात तर तो पाठीवर चढतो, मागून गळा आवळतो, आणि मग मुकाट्यानं हात थापटून हार कबूल करावी लागते. राज्यात हिराला तोड नव्हती, कारण तिला पाडणंच कुणाला जमायचं नाही. पण राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती दोन वर्षं पोचली, दोन्ही वेळा पडली, पालथी झाली आणि रौप्य घेऊन घरी आली. गंमत बघा, हडपसरच्या आपल्या क्लासात पोरींना पहिला धडा ती हाच द्यायची: पाठीवर पडायला घाबरू नका.

एक दिवस स्वराली नावाच्या कॉलेजातल्या पोरीनं विचारलंच, "ताई, मग तुम्ही का पालथ्या होता?"

हिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतिसावं वर्ष, गुडघा कुरकुरत होता, यंदाची स्पर्धा शेवटची म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. आता सुवर्ण हुकलं तर पोरींना कोणत्या तोंडानं शिकवायचं?

"घाबरते म्हणून," तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "आता ही खोड तुम्हीच मोडायची."

त्या दिवसापासून रोज सकाळी हिरा मॅटवर उताणी पडायची आणि पोरी पाळीपाळीनं वर चढायच्या. पालथी झाली की पुन्हा पहिल्यापासून. असे सात महिने! खांदे सोलवटले, पण बाई हटली नाही.

स्पर्धा पुण्यातच होती. दशरथराव पहिल्यांदाच बघायला आले. लेक उताणी पडलेली बघवणार नाही म्हणून बारा वर्षं फिरकले नव्हते.

अंतिम फेरीत हरियाणाची पोर समोर आली, हिरापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिसऱ्या मिनिटाला तिनं हिराला आपटलं. गुडघ्यातून कळ गेली. सगळं अंग ओरडत होतं, उलट, उलट! खांदा वळायला लागलासुद्धा.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला. "हिरे, पालथी होऊ नकोस! पाठ टेकून राहा!"

दशरथराव खुर्चीवर उभे होते. त्या दोन हरलेल्या लढती त्यांनी मोबाईलवर किती वेळा पाहिल्या होत्या, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हिरा थांबली. पाठ तिनं पुन्हा मॅटला लावली, चांगली पसरून लावली. समोरची वर झेपावली, तसं तिचं डोकं आणि एक हात हिरानं मांड्यांच्या कैचीत धरला आणि दुखऱ्या गुडघ्याला मनातल्या मनात शिव्या घालत कैची आवळली. पोरगी धडपडली, वळवळली, आणि शेवटी तिनं हात थापटला.

पदक घेऊन हिरा वडिलांकडे आली तेव्हा म्हातारा हमसून हमसून रडत होता.

"बाबा, पाठ टेकली की हो माझी," ती म्हणाली.

"टेकू दे गं," डोळे पुसत दशरथराव म्हणाले. "मीच उगाच बारा वर्षं घरी बसलो."