मोखाड्याच्या उतारावर

तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला की मला मोखाड्याचा घाट आठवतो. जव्हारच्या गॅरेजात हौसेनं नव्यानं उभी केलेली माझी जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच घाट उतरत होती. शेजारी बायको होती. वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला गेलं. पुढे मोळ्या घेतलेल्या बाया रस्ताभर चालत होत्या आणि हॉर्न वाजेना. "ब्रेक लागत नाहीये!" मी ओरडलो. बायको सीटवर उभी राहून किंचाळली, "बाजूला व्हा!" मोळ्या टाकून बाया पळाल्या. मी गाडी डोंगराकडच्या मुरमात घातली. ती घासत, हेलकावत थांबली. एका म्हातारीनं बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, "लागला नाय ना, बाय?" तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. आजही आम्ही त्याच गाडीतून मजेत हिंडतो. उतार लागला की मात्र मी आधी ब्रेक दाबून बघतो आणि बायको हॉर्न वाजवून.