ओढा कुठं वाहतोय?

आमच्या घराचा पोर्च मी पाडला, आणि तोही पुराव्यानिशी.

पोर्च अण्णांचा. (अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त.) आयुष्यभर स्वतः उन्हात उभ्या राहिलेल्या या माणसानं मोटारसायकलला ऊन लागू नये म्हणून तो हौसेनं बांधला होता. पण दोष द्यायचा तर हौसामावशीला द्या.

हौसामावशी मळ्यात एकटी राहते. तिचा पाय मोडला तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून बांधाबांधानं डांबरीवर आणली. कारण तिच्या दारापर्यंत जाणारी पाणंद, म्हणजे शेतांमधली जुनी गाडीवाट, कुणीतरी गिळली होती! पाणंद होती हे सगळ्या गावाला ठाऊक. कुठून होती, हे ज्याला त्याला आपापल्या सोयीनं आठवायचं. बाजेवरून मावशी मला म्हणाली, "मने, एवढी पत्रकं काढतीस, माझ्या दारात एक रिक्षा आणून दाव की!"

झालं! मी पेटले. आमच्या भागातल्या जुन्या पुस्तकांचा आणि नकाशांचा एक ऑनलाइन संग्रह आहे, त्यात घुसले. मेढ्याकडचे घाट वाचले, तासगावचा जुना बाजार वाचला. (एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच आला होता. इतिहासावर नख!) आणि चौथ्या दिवशी सापडला आमच्या गावाचा नकाशा! आडवा स्कॅन केलेला, उत्तरेचा बाण कोपऱ्यासकट कापलेला. नकाशात देऊळ एकच. देऊळ म्हणजे मारुती, मारुती गावाच्या वरच्या अंगाला, म्हणून देऊळ वर येईल असा नकाशा मी फिरवला. पाणंद विहिरीला खेटून जात होती. विहिरीच्या एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला शेजारच्या द्राक्षबागायतदार तात्यांची बेदाण्याची शेड. रेघ शेडमधून आरपार!

संध्याकाळपर्यंत पत्रक छापून आलं. 'पाणंद गिळणारे हात कुणाचे? पुरावा बोलतो!' आणि वर ठळक अक्षरांत तात्यांचं नाव. पहिलं मी तात्यांच्या शेडवरच चिकटवलं.

"आगं, सातबारा हाय माझ्याकडं!" तात्या ओरडले.

"सातबारा कालचा, तात्या. माझा नकाशा तुमच्या पणजोबांच्या वेळचा!"

घरी आई फणकारली, "परवा त्यांनी पाठवलेली पेटीभर द्राक्षं खाताना कुठं गेलता तुझा पुरावा?"

चळवळीत आईला उत्तर द्यायचं नसतं.

दीड महिन्यानं ग्रामसभा भरली, सगळा गाव लोटला. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर मी नकाशा लावला, तात्यांकडे बोट रोखलं आणि वीस मिनिटं गरजले. मावशी काठी टेकत पुढच्या रांगेत बसलेली. अण्णांची छाती फुगलेली. शेवटी त्यांना राहवेना.

"सरक बाजूला. नकाशा वाचण्यात हयात गेलीय माझी." त्यांनी मावशीची काठी घेतली आणि टीव्हीवर टेकवली. मग थांबले. "मने, हा ओढा हाय न्हवं?"

"व्हय, अण्णा."

"ह्यो बाण पाण्याचा?"

"व्हय."

"मग आपला ओढा डोंगरावर चढतोय व्हय गं?"

सभा खदखदली.

"देऊळ मारुतीचं न्हवं, मरीआईचं हाय. खालच्या अंगाचं. मारुती मागनं बांधला. फिरव उलटा!" अण्णांनी हुकूम सोडला.

मी फिरवला. ओढा मुकाट खाली वाहू लागला. पाणंद मात्र विहिरीला वळसा घालून पलीकडे गेली. अण्णा काठीनं तिच्या मागोमाग निघाले. "हितनं विहीर... हितनं डावीकडं... हितनं सरळ..." आणि काठी थबकली.

"बोला की, सुभेदार!" तात्या गोड आवाजात म्हणाले. "सरळ कुठं जाती?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. (तशी नजर त्यांनी शत्रूला दिली असती तर युद्ध तिथंच मिटलं असतं.) मी पुटपुटले, "अण्णा, नकाशा जुना आहे, चूक असू शकते..."

"नकाशा बरोबर हाय," अण्णा कडाडले. "पोर्च चुकलाय!"

मावशीनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. पहिला घाव अण्णांनी स्वतः पहारीनं घातला, राडारोडा तात्यांच्या ट्रॅक्टरनं ओढला. मी भर चौकात तात्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी ऱ्हाऊ दे. उरलेली पत्रकं दे, वरचं नाव तेवढं बदलून मीच वाटतो!" आणि वाटली की! हातानं खाडाखोड करून, घरोघर!

चार दिवसांत मुरूम पडला. हौसामावशीच्या दारात पहिली रिक्षा थांबली. तपासणीला जायचं नव्हतं, काही नव्हतं, तरी ती नवं लुगडं नेसून आत बसली, गावभर फिरून आली आणि आमच्या दारासमोर तिनं मुद्दाम हॉर्न वाजवायला लावला. लढा जिंकलो आम्ही! अण्णांची मोटारसायकल आता तात्यांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये सावलीला असते.

माझी पत्रकं अजून निघतात. छपाईला जायच्या आधी अण्णा ती तपासतात. मजकूर वाचत नाहीत. नुसतं विचारतात, "मने, ओढा कुठं वाहतोय?"