पांढरं ठेवलेलं गाव

कॉलेजात तिला सगळे डासबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ते नाव पहिल्याच वर्षी तिच्या कानावर गेलं आणि तिला मनापासून आवडलं. दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला तिची खोली होती. तिथे फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांच्या तोंडांना मच्छरदाणीचं कापड आणि रबरबँड, आत वळवळणाऱ्या अळ्या. अळ्यांना खायला माशांचं खाद्य घालायचं, त्याचा वास तिच्या साड्यांना लागलेला असे. मोठ्या डासांतल्या माद्यांना रक्त लागतं, म्हणून ती बाही वर करून आपलाच हात पिंजऱ्यात घालून बसायची आणि दुसऱ्या हाताने पेपर तपासायची.

तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. स्वभावाने गमत्या. घरात डास मारायची सोय नाही, अशी तो पाहुण्यांकडे तक्रार करायचा. "मारला की ही आधी विचारते, नर होता की मादी. आणि मादी असली तर माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी हिच्या माहेरचं माणूस मारलंय."

तिचं काम ऐकायला सोपं होतं. पाऊस किती पडला आणि हवा किती तापली, हे कळलं तर पुढे किती आठवड्यांनी आणि कुठे डेंग्यूचे रुग्ण वाढतील, हे आधीच सांगता येईल का? हवामान खात्याचे आकडे एका बाजूला आणि आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्या दुसऱ्या बाजूला. मधे डासबाई. या एका प्रश्नात तिची चौतीस वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःखही कामातच कुठेतरी जिरून गेलं.

चाळिशीत तिला ते जमलं. बासष्ट आरोग्य केंद्रांच्या पाच वर्षांच्या नोंदी तिने मागवल्या होत्या. एकसष्ट केंद्रांचे आकडे तिच्या सूत्रात असे चपखल बसले की ती खुर्चीतून उठून उभी राहिली. बासष्टावं तेवढं आडवं आलं. ते होतं डोंगरावरचं एक गाव. तिथल्या नर्सने भर थंडीच्या दोन महिन्यांत डेंग्यूचे अकरा रुग्ण लिहिले होते. आता त्या उंचीवर, त्या महिन्यांत, हवामान खात्याचा पारा रात्री आठ अंशांवर आणि दिवसा पंधरावर. एवढ्या गारठ्यात डास जगला तरी त्याच्या पोटातला विषाणू वाढत नाही. हे तिला पाठ होतं, तिनेच शिकवलं होतं.

त्या गावासकट आलेख काढला की रेघ थंडीत उगाच वर उसळायची. त्या गावाशिवाय काढला की कशी सरळ, शहाण्यासारखी जायची.

डासबाईने लबाडी केली असं कुणी म्हणू नये. या धंद्यात अशी रीतच आहे. जी नोंद होणं शक्य नाही ती चुकीची धरायची, बाजूला काढायची आणि वेगळ्या यादीत ठेवायची. तिने तसंच केलं. तांबड्या पेनने समासात लिहिलं, "अशक्य. वगळणे." आणि ती कामाला पक्की होती, म्हणून तेवढ्यावर थांबली नाही. तिने त्या नर्सला पत्र लिहिलं. आपल्या केंद्रातील नोंदी हवामानाशी जुळत नाहीत, तरी निदान पुन्हा तपासून पाहावे, कळावे. खाली सवयीप्रमाणे लिहिलं, "प्रत माहितीसाठी", आणि एक प्रत नर्सच्या वरच्या ऑफिसला धाडली.

पुढच्या वर्षी त्या केंद्राची वही आली, तेव्हा थंडीच्या महिन्यांत डेंग्यूचा एकही रुग्ण नव्हता. सगळीकडे "साधा ताप" असं लिहिलेलं. डासबाई खूश झाली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "एका पत्रात केवढी सुधारणा!"

त्याच सुमारास नकाशा झाला. पहिली प्रत नवऱ्याने हाताने रंगवली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन तो बसला होता. जिथे धोका जास्त तिथे लाल, मग नारिंगी, मग पिवळा. डोंगराशी आल्यावर त्याने ब्रश वर धरला.

"या गावाला कुठला रंग?"

"पांढराच ठेवा."

"का? लोक राहत नाहीत का तिथे?"

"लोक राहतात. डास राहत नाहीत."

तो हसला, तीही हसली. हा विनोद पुढे तिने कितीतरी व्याख्यानांत सांगितला.

नकाशाने तिचं नाव झालं. सरकारी ऑफिसांच्या भिंतींवर तो लागला. फवारणीची माणसं, रक्त तपासायचं सामान, डॉक्टरांचे फेरे, सगळं त्या रंगांप्रमाणे जायला लागलं. सखल भागात त्याने खरोखर माणसं वाचली, हेही सांगायला हवं. तिच्या कामाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण पांढऱ्या गावांना काही जात नव्हतं, आणि त्यांचं कुणी काही विचारतही नव्हतं.

निवृत्तीला सहा महिने राहिले होते तेव्हा तिची शेवटची विद्यार्थिनी एक खूळ घेऊन आली. काडेपेटीएवढी तापमान टिपणारी यंत्रं तिला लोकांच्या घरात ठेवायची होती.

"घरात कशाला?" डासबाई म्हणाली. "हवामान खात्याची पेटी आहे की प्रत्येक ठिकाणी."

"मॅडम, ती पेटी मोकळ्या मैदानात, गवतावर असते," पोरगी जरा चाचरत म्हणाली. "तिच्यात कुणी राहत नाही."

डासबाईला राग आला, मग हसू आलं, आणि तिने सही करून टाकली. पोरीने वेगवेगळ्या उंचीवरची दहा गावं निवडली. त्यात ते डोंगरावरचंही होतं.

चार महिन्यांनी आकडे आले. खाली काही विशेष नव्हतं. डोंगरावर मात्र बाहेर पारा दहावर असताना घरात तो तेवीसवर होता. तिथली घरं ठेंगणी, खिडक्या थंडीभर बंद. आणि पाणी हाताला सोसावं म्हणून पिंप चुलीच्या भिंतीला टेकवून ठेवायची त्यांची पद्धत. पाणी कायम कोमट. पोरीने पिंपात जाळी बुडवली आणि बरणी भरून आणली. डासबाईने बरणी उजेडाकडे धरली. भिंग घ्यायची गरजच नव्हती, त्या अळ्या ती झोपेतही ओळखेल. गावातल्या वयस्कर माणसांच्या रक्तातही त्या तापाची जुनी खूण सापडली होती.

"मॅडम, या गावाच्या जुन्या नोंदी कुठेच दिसत नाहीत," पोरगी म्हणाली. "तेवढीच सलग पाच वर्षं गळली आहेत."

"बघते," डासबाई म्हणाली. पोरगी गेल्यावर तिने दाराला आतून कडी घातली.

वगळलेल्या नोंदींची फाइल खालच्या खणात होती, वीस वर्षं तिथेच. तिने नोंदवहीच्या झेरॉक्स बाहेर काढल्या. अक्षर बारीक, सुवाच्य. तारीख, वय, पत्ता, निदान. आणि पाचवा रकाना, शेरा. हा रकाना तिने कधी वाचलाच नव्हता. संगणकात बसत नाही, म्हणून टाइप करणाऱ्याला तिनेच सांगितलं होतं, तो सोडून दे. आता तिने वाचला. "पट्टा पाच मिनिटं. ठिपके २७." पुढच्या ओळीत "ठिपके ३१." त्याच्या पुढे "ठिपके २२, उद्या पुन्हा बघणे."

रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळून पाच मिनिटं ठेवायचा, मग सोडायचा आणि कोपराखाली बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात किती लाल ठिपके उठले ते मोजायचे. वीसच्या वर असले तर हा ताप साधा नाही. जिथे रक्त तपासायची सोय नाही तिथे एवढंच हाती असतं. ती नर्स अंदाजाने लिहीत नव्हती. एकेका माणसाचा हात हातात घेऊन ठिपके मोजत होती. आणि डासबाईने मोजलं काय, तर गावाची उंची.

त्या संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने विनोद केला नाही, तेव्हाच तिला कळलं की प्रकरण किती वाईट आहे.

"नर्स आहेत का अजून?" त्याने विचारलं.

"निवृत्त झाल्यात. तिथेच राहतात म्हणे."

"मग जाऊन सांग."

"काय सांगू?"

"त्या बरोबर होत्या, हे. वीस वर्षं उशीर झालाय, अजून किती करणार?"

दोघं बसने गेले. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, पहिलं कुठलं, मग कुठलं. आयुष्यभर व्याख्यानं दिलेली बाई, पण शाळकरी पोरीसारखी ती वाक्यं घोकत होती.

नर्सबाईंचं घर आरोग्य केंद्राच्या मागेच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघरात चुलीच्या भिंतीला टेकलेलं पिंप. डासबाईची नजर आधी तिकडेच गेली. नर्सबाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. नाव ऐकताच त्या लगबगीने उठल्या आणि त्यांनी दोघांसाठी खुर्च्या पुसल्या.

"तुम्ही म्हणजे त्या पत्रवाल्या मॅडम! अहो, एवढ्या लांब आलात?" मग त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे तुमच्या कामाचा घोळ झाला होता ना? फार लाज वाटली हो मला. या केंद्रावर नवी होते मी तेव्हा. साहेबांनी मेमो दिला. म्हणाले, डोंगरावर कुठला आलाय डेंग्यू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? ते पट्टा बांधणंही बंद कर म्हणाले. मग मी नीट लिहायला लागले. नंतर काही चूक नव्हती ना?"

डासबाईने जुळवलेली वाक्यं तिथेच विस्कटली. माफी मागायला ती आली होती आणि माफी समोरूनच मागितली जात होती.

"नव्हती," ती कसंबसं म्हणाली. "सिस्टर, तुमची आधीही—"

"मी त्यानंतर फार जपून वागले बघा," नर्सबाई बोलतच होत्या. बऱ्याच दिवसांत कुणी ऐकायला आलं नसावं. "एकदाच माझ्या हातून... ते मला अजून कळलेलं नाही. बरं झालं तुम्ही आलात, तुम्हाला विचारता येईल. माझी धाकटी जाऊ. पत्रानंतरच्या दुसऱ्या थंडीत तापली. अंग नुसतं मोडून आलेलं. मी साधा ताप लिहिला, गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी म्हटलं, उतरला ना, आता ऊठ, लाग कामाला. धुणं घेऊन गेलीसुद्धा. आणि सहाव्या दिवशी गेली हो. तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मीच वाढवली. पण ताप उतरल्यावर माणूस कसं जातं, मॅडम? माझं काय चुकलं?"

डासबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता.

उत्तर तिला पाठ होतं. दर वर्षी दुसऱ्या तासाला ती फळ्यावर लिहायची की या तापात ताप उतरतो तोच दिवस सगळ्यात धोक्याचा, त्या दिवशी रुग्णाला हलवू नका, नजरेआड करू नका. हे कुठल्याही नर्सला सांगितलेलं असतं. या बाईंनाही माहीत असणार. पण त्यासाठी हा ताप तो ताप आहे, हे आधी मानायला हवं. आता हे सांगावं की गिळून टाकावं? सांगितलं तर या म्हातारीच्या हाती येणार काय? आणि नाही सांगितलं तर ती मरेपर्यंत स्वतःलाच विचारत राहणार. डासबाईला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःची खरोखर किळस आली.

"सिस्टर, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "चुकलं माझं. तो डेंग्यूच होता. पहिले अकराही डेंग्यूच असणार. तुमच्या घरांत ऊब असते, पिंपात डास होतात, मी बाहेरचा पारा बघत बसले. तुमच्या नोंदी मी काढून टाकल्या. तुमचं गाव नकाशावर पांढरं ठेवलं. आणि तुम्ही लिहिलेला पाचवा रकाना मी गेल्या महिन्यापर्यंत वाचलाही नव्हता."

नर्सबाई पुढे झुकल्या.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"हो."

"अकराच्या अकरा?"

"हो, सिस्टर."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, नंबर आलेल्या मुलीचा उजळावा तसा. त्या पाठ ताठ करून बसल्या. मग हळूहळू तो उजेड गेला. त्यांनी उजव्या हाताने आपल्याच डाव्या दंडाला विळखा घातला आणि घट्ट धरून ठेवला.

"जावेला पट्टा बांधला होता मी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, वहीत लिहायला सांगावं तसा. "बंद करायला सांगितलं होतं, पण सवय जात नाही. पाच मिनिटं धरला. ठिपके मोजले. चौतीस होते."

डासबाईने मान वर केली नाही.

"वहीसुद्धा उघडली होती. मग तुमचं पत्र आठवलं, आणि तिची बाही खाली केली."